पाव डॉलरची रांग निघाली चंद्राकडे

पाव डॉलरचं एक नाणं समोर ठेवा. आपल्या जुन्या चार आण्यांचा हा अमेरिकी चुलतभाऊ. व्यास सव्वाचोवीस मिलिमीटर. १८८०च्या दशकातलं असेल तर वजन सव्वासहा ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. तळहातावर ठेवलं तर जाणवेल न जाणवेल एवढंच. आता हे नाणं मोजायचं माप म्हणून हाती घेऊ, कारण पुढचे सगळे आकडे याच मापानं मोजायचे आहेत. एक वाणी, एक खेळ आणि हे एक नाणं. एवढ्या भांडवलावर हिशेब कुठल्या कुठे जातो, ते बघाच!

वाण्याचं नाव ख्रिस फॉन डर आही. जन्म १८५१चा, प्रशियातल्या हिले नावाच्या गावचा. १८६७ साली सोळा वर्षांच्या आत-बाहेरचा हा पोरगा बोटीनं अमेरिकेत उतरला आणि पुढे मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरात पोचला. घरापासून हवाई अंतर धरलं तरी सात हजार किलोमीटरांच्या पुढे. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा. म्हणजे एकामागून एक छत्तीस मुंबई-पुणे, आणि तेही खिशात इंग्रजीचा खुर्दा नसताना! तिथे त्यानं वाणसामानाच्या दुकानात नोकरी धरली, मग स्वतःचं दुकान टाकलं, मग दुकानाला जोडून दारूचा गुत्ता काढला. आपल्याकडे अशा माणसाला शेठ म्हणतात. आपणही ख्रिसशेठच म्हणू.

ख्रिसशेठ एकटे नव्हते, हे आधी लक्षात घेऊ. एकट्या १८८२ सालात अमेरिकेत उतरलेले जर्मन किती? अडीच लाख! दिवसाला ६८५. बारा डब्यांच्या मुंबई लोकलमध्ये ऐन गर्दीत पाच हजार माणसं कोंबली जातात, असं धरलं तर खच्चून भरलेल्या पन्नास लोकल. दर आठवड्याला जवळपास एक लोकल भरून माणसं बंदरावर रिकामी होत होती, आणि हे फक्त एका देशातून, फक्त एका वर्षात. या लोंढ्यातले कितीतरी सेंट लुईसला वसले होते. १८८०च्या जनगणनेत त्या शहराची वस्ती साडेतीन लाख. त्याच सुमाराला, १८८१ साली, आपली मुंबई पावणेआठ लाखांची होती. म्हणजे अर्ध्या मुंबईहूनही लहान शहर, पण घसा कोरडा पडू न देणारं.

या लोकांना आठवड्याला सुट्टी एकच, रविवार. आणि रविवारी बियरचा ग्लास हातात घेऊन बायकामुलांसह बागेत बसणं, हा त्यांचा पिढीजात रिवाज. हे दोन मुद्दे पक्के ध्यानात ठेवा. पुढचे अब्जावधी डॉलर या दोन मुद्द्यांतून निघणार आहेत.

ख्रिसशेठच्या गुत्त्याजवळ बेसबॉलचं मैदान होतं. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट गल्ल्यावर बसून कळली. सामना असला की दुपारी गुत्ता ओस पडतो आणि सामना सुटला की उभं राहायला जागा उरत नाही. खरा वाणी इथे खेळाचे नियम विचारत बसत नाही, तो आकडेमोड करतो. ख्रिसशेठनी मैदान चालवणाऱ्या मंडळीचे भाग घेतले. कितीचे म्हणाल, तर सांगतात तो आकडा १,८०० डॉलरांचा. आपल्या मापात ७,२०० नाणी. एकाला एक चिकटवून रांग लावली तर पावणेदोनशे मीटर. बारा डब्यांच्या लोकलची लांबी अडीचशे मीटर. म्हणजे आपली रांग नवव्या डब्याच्या दारातच थांबली! एवढ्याशा रांगेवर पुढचा सगळा डोलारा उभा आहे.

त्या काळी बेसबॉलवर राज्य होतं नॅशनल लीगचं, आणि लीग मोठी सोवळ्यातली. तिकीट ५० सेंट, म्हणजे अर्धा डॉलर. मैदानात बियर नाही. रविवारी खेळ नाही. १८८० साली सिनसिनाटीच्या संघानं मैदानात बियर विकली आणि रविवारी मैदान भाड्यानं दिलं, तर लीगनं त्यांना थेट वाळीतच टाकलं.

आता हे ५० सेंट म्हणजे किती ते बघू. अंगमेहनत करणाऱ्या मजुराला तेव्हा दिवसाला सव्वा ते दीड डॉलर मिळायचा. म्हणजे एका तिकिटाला दिवसाच्या कमाईचा तिसरा हिस्सा! आज ज्याचा रोज ६०० रुपये आहे त्यानं २०० रुपये देऊन सामना बघायचा, बायको आणि दोन पोरं बरोबर असली तर ८०० घालायचे, म्हणजे उरलेले दिवस उपास. शिवाय सामने सोमवार ते शनिवार. मजूर तेव्हा आठवड्याचे सहा दिवस राबत होता. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याच्याकडे वेळही नव्हता. लीगनं जणू शहरातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दारावर पाटी लावून सांगितलं होतं की तुम्ही येऊ नका.

नोव्हेंबर १८८१मध्ये बाहेर राहिलेले, बाहेर काढलेले असे सगळे जमले आणि त्यांनी नवी संघटना काढली, अमेरिकन असोसिएशन. १८८२ साली सहा संघांनिशी खेळ सुरू झाला. सेंट लुईसचा ब्राउन्स संघ ख्रिसशेठचा. नियम तीन. तिकीट २५ सेंट. रविवारी सामना. आणि बियर! लीगच्या सोवळ्या मंडळींनी नाक मुरडत या संघटनेला ‘बियर आणि व्हिस्की लीग’ असं नाव ठेवलं. मंडळींना वाटलं शिवी दिली. लोकांना वाटली ती जाहिरात.

आता गणित मांडू. समजा लीगच्या मैदानावर ५० सेंट देऊन तीन हजार लोक आले. गल्ला दीड हजार डॉलर. ख्रिसशेठकडे २५ सेंटांत सहा हजार आले. गल्ला तोच, दीड हजार. बरोबरी झाली ना? झाली नाही! सहा हजार लोकांनी दोन-दोन ग्लास बियर घेतली, ग्लासाला पाच सेंट, की वर सहाशे डॉलर. आणि हे सहा हजार लोक घरी जाऊन आणखी सहा हजारांना सांगणार. तिकिटात सोडलेले २५ सेंट पाच ग्लासांत गल्ल्यात परत. शेठनी दर निम्मा केला आणि गल्ला वाढवला.

बियर किती, तेही मोजू. वर्षाला दोन लाख प्रेक्षक धरा, माणशी दोन ग्लास, ग्लास अर्ध्या लिटरचा. झाली दोन लाख लिटर. आपल्याकडे वीस फूट व्यासाची शेतातली विहीर असते, तिच्यात ही बियर ओतली तर साडेबावीस फूट उभी राहील! पोहायला उतरावं इतकी. आणि ही एका मैदानाची एका हंगामाची. त्याच शहरात आणखी एक जर्मन स्थलांतरित बियर गाळत होता, अडोल्फस बुश. त्याच्या अनहायझर-बुश कंपनीनं १९०१ साली वर्षाला दहा लाख पिंपांचा टप्पा ओलांडला. अमेरिकी पिंप ११७ लिटरांचं. म्हणजे अकरा कोटी सत्तर लाख लिटर. त्याच वीस फुटी विहिरी, प्रत्येकीत बत्तीस फूट बियर, अशा चारशेहून जास्त विहिरी काठोकाठ! एका तालुक्याची तहान भागेल. हा बुश लक्षात ठेवा, कारण हे घराणं पुढे परत येणार आहे.

आणि रविवारचा गल्ला! चांगल्या रविवारी दहा हजार माणसं जमली असं धरा. अडीच हजार डॉलर. सगळे पाव डॉलरच्या नाण्यांत आले तर दहा हजार नाणी, साडेबासष्ट किलो चांदीचा खुर्दा. गव्हाच्या पन्नास किलोच्या पोत्याहून सव्वापट. सेंट लुईसमध्ये गोष्ट अशी सांगत की ख्रिसशेठ सामन्याचा गल्ला हातगाडीत भरून, दोन्ही बाजूंना बंदूकधारी ठेवून, पुढे स्वतः ऐटीत चालत बँकेत न्यायचे. गोष्टीला मीठमसाला लागला असेल. पण वजन केल्यावर कळतं की हातगाडीची कल्पना काही अगदीच हवेतली नाही. साडेबासष्ट किलो खिशात घालून कोण नेणार?

शेठची ऐट तशीच. मैदानाबाहेर त्यांनी स्वतःचा पुरुषभर उंचीचा पुतळा उभारला. ते एकदा म्हणाले म्हणे, जगातला सगळ्यात मोठा डायमंड माझ्या मैदानात आहे. बेसबॉलमध्ये चार बेसच्या चौकोनाला डायमंड म्हणतात. तो सगळीकडे सारखाच, ९० फूट बाजूचा. ८,१०० चौरस फूट, म्हणजे आपल्या मापात साडेसात गुंठे. सेंट लुईसलाही साडेसात, शिकागोलाही साडेसात. कर्णधार चार्ल्स कॉमिस्कीनं हळूच कानात सांगितलं की शेठ, सगळे सारखेच असतात. साडेसात गुंठ्यांचा हिशेब शेठना ठाऊक नव्हता, पण त्या साडेसात गुंठ्यांभोवती किती माणूस बसवता येतो, हा हिशेब त्यांच्याइतका देशात कुणालाच येत नव्हता.

आणि संघ? संघ तर वरचढच! १८८५ साली ७९ विजय, ३३ पराभव. १८८६ला ९३ आणि ४६. १८८७ला ९५ आणि ४०. १८८८ला ९२ आणि ४३. चार वर्षं, चार विजेतेपदं, लागोपाठ. बेरीज करा: ३५९ विजय, १६२ पराभव. दहा सामन्यांत सात जिंकायचे, आणि हे एखादा महिना नाही, सलग चार हंगाम. १८८७ नंतर शेठनी आपले पाच मातब्बर खेळाडू दुसऱ्या संघांना विकून टाकले. लोक म्हणाले, आता संपलं. पुढच्या वर्षी संघानं चौथं विजेतेपद घेतलं!

१८८६चा ऑक्टोबर तर डोळ्यांसमोर आणाच. त्याच वर्षी आपल्या मुंबईचा पारशी संघ पहिल्यांदा विलायतेत क्रिकेट खेळून आला होता. इकडे ख्रिसशेठच्या ब्राउन्सची गाठ पडली सोवळ्या लीगच्या विजेत्याशी, शिकागोशी. पैज अशी की जो जिंकेल तो सगळ्या मालिकेचा गल्ला नेईल, हरणाऱ्याला दमडी नाही. सहावा सामना, २३ ऑक्टोबर, दहावा डाव, बरोबरी. कर्ट वेल्च तिसऱ्या बेसवर. शिकागोच्या क्लार्कसनचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातातून निसटला आणि वेल्च सुटला. घर, म्हणजे शेवटचा बेस, गाठलं, सामना खलास, मालिका ४-२! तो घसरत आला की उभ्याउभ्या आला, यावर अजून वाद आहे. पण धाव अमर झाली ती ‘पंधरा हजार डॉलरांची घसरण’ म्हणून. खरा गल्ला १३,९०० डॉलरांच्या आसपास होता, वरचे हजार लोकांनी प्रेमानं चढवले.

तेरा हजार नऊशे धरू. ५५,६०० नाणी. वजन सुमारे साडेतीनशे किलो. जाडी पावणेदोन मिलिमीटर धरून एकावर एक रचली तर चळत ९७ मीटर उंच. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरांचा! म्हणजे टॉवरच्या डोक्यावर आणखी चार मजले. आणि ही चळत कशावर लागली होती? तिसऱ्या बेसपासून घरापर्यंतच्या ९० फुटांवर. फुटाला १५४ डॉलर. दिवसाला दीड डॉलर कमावणाऱ्या मजुराची शंभर दिवसांची मजुरी एका फुटात. वेल्चनं पापणी लवते न लवते तोच ९०००हून जास्त दिवसांची, म्हणजे रोज राबूनही पंचवीस वर्षांची मजुरी पायाखाली घातली. कितीतरी प्रेक्षकांचं अख्खं आयुष्य तेवढ्या अंतरात मावलं असतं!

एवढ्यावर थांबतील तर ते ख्रिसशेठ कसले? १८८७ साली डेट्रॉइटशी अंतिम मालिका ठरली. सामने किती? पंधरा! कुठे? दहा शहरांत! सेंट लुईस, डेट्रॉइट, पिट्सबर्ग, ब्रुकलिन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन, परत फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, बाल्टिमोर, परत ब्रुकलिन, परत डेट्रॉइट, शिकागो आणि शेवटी घरी. १० ते २६ ऑक्टोबर, सतरा दिवस. एका दिवशी सकाळचा सामना वॉशिंग्टनला, दुपारचा बाल्टिमोरला. शहरामागून शहर सरळ रेषेत मोजलं तरी साडेचार हजार किलोमीटरांच्या वर. मुंबई-पुणे जवळपास चोवीस वेळा. म्हणजे सतरा दिवसांत पुण्याला बारा वेळा जाऊन बारा वेळा परत या, आणि मध्ये मध्ये पंधरा सामने खेळा. तेही १८८७ सालच्या आगगाडीत, कोळशाची पूड डोळ्यांत घेत! डेट्रॉइटनं आठवा विजय मिळवून मालिका अकराव्या सामन्यातच खिशात घातली होती. तरी उरलेले चार सामने झाले. का? तिकिटं विकायची होती ना!

याच १८८७च्या जुलैत रविवारचा सामना खेळवल्याबद्दल शेठना अटक झाली. न्यायालयानं त्यांना सोडलं आणि सेंट लुईसचा रविवार मोकळा झाला. वर्षाला बावन्न रविवार. त्यातले हंगामातले निम्मे धरा. सहा दिवस राबणाऱ्या माणसाला वर्षाकाठी पंचवीस दुपारी मिळाल्या. लीगच्या हिशेबात हा आकडा तोवर शून्य होता.

आणि मग गंमत बघा. १८९१ नंतर असोसिएशन मोडली आणि तिच्यातले चार संघ नॅशनल लीगमध्ये गेले, ख्रिसशेठचाही गेला. जाताना रिकाम्या हातानं नाही गेले. ज्यांना परवडेल त्यांनी २५ सेंटांचं तिकीट ठेवावं, ज्यांना हवं त्यांनी रविवारी खेळावं, बियर विकावी, हे सगळं १८९२ला लीगनं मान्य केलं. ज्या पापाबद्दल सिनसिनाटीला १८८० साली हाकललं, ते पाप बारा वर्षांत पुण्यवान झालं. शेठनी लीगशी लढाई केली नाही, फक्त तिकीट निम्मं केलं, आणि दशकभरात लीगच त्यांच्या दुकानात येऊन बसली.

मात्र ज्या वेगानं आकडे चढले, त्याच वेगानं कोसळले. शेठनी नव्या मैदानात पाण्याच्या घसरगुंड्या, घोड्यांच्या शर्यती, सगळी जत्रा भरवली, आणि संघाकडे बघायचं राहिलं. १८९६ साली एका हंगामात पाच व्यवस्थापक झाले, त्यात काही दिवस स्वतः शेठ. १८९७ला २९ विजय, १०२ पराभव. १८९८ला ३९ आणि १११. दहातले सात जिंकणारा संघ आता दहातले सात-आठ हरत होता. फेब्रुवारी १८९८मध्ये एका जुन्या जामिनाच्या भानगडीत गुप्तहेरानं शेठना सेंट लुईसमधून उचलून थेट पिट्सबर्गला नेलं, नऊशे किलोमीटर, पुण्याच्या जवळपास पाच फेऱ्या. एप्रिलमध्ये सामना चालू असताना मैदानाला आग लागली. शंभराच्या आसपास जखमी, मग दावे, मग देणी. मार्च १८९९मध्ये संघाचा लिलाव पुकारला गेला. बोली किती? ३३,००० डॉलर.

लिलावाचा एक भयंकर उपआकडा इथेच सांगतो. संघ शेवटी रॉबिसन बंधूंच्या हाती आला. त्यांचा क्लीव्हलंडलाही संघ होता. त्यांनी क्लीव्हलंडचे उत्तम खेळाडू सेंट लुईसला हलवले. क्लीव्हलंडचं काय झालं? २० विजय, १३४ पराभव! आजवरचा नीचांक. घरच्या ४२ सामन्यांना मिळून प्रेक्षक ६,०८८. एक लोकल आणि वर तीन डबे, संपूर्ण हंगामात! सामन्याला १४५ माणसं. गर्दीच्या वेळी लोकलच्या निम्म्या डब्यात यापेक्षा जास्त असतात. आणि सेंट लुईसचा संघ? तो १९०० साली कार्डिनल्स झाला. तोच आजचा सेंट लुईस कार्डिनल्स.

आता रांग लावू. तेहतीस हजार डॉलर म्हणजे १,३२,००० नाणी. एकाला एक चिकटवून सव्वातीन किलोमीटरांच्या आत. मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटरांचा. रात्री दिव्यांचा जो राणीचा हार दिसतो, तोही पूर्ण होत नाही. सेकंदाला एक या वेगानं मोजली तर दीड दिवसात मोजून होतील. मधे जेवायला उठलात तर दोन दिवस.

१९५३ साली अनहायझर-बुश कंपनीनं, त्याच चारशे विहिरींच्या घराण्यानं, कार्डिनल्स घेतला. किंमत साडेसदतीस लाख डॉलर. नाणी दीड कोटी. रांग ३६४ किलोमीटर. मरीन ड्राइव्ह केव्हाच मागे पडला! सीएसएमटीहून निघून पुणं गाठायचं, वळायचं, लोणावळा, कर्जत, कल्याण करत परत यायचं आणि घाटकोपरला थांबायचं. चोपन्न वर्षांत सव्वातीन किलोमीटरांवरून पुण्याची जवळजवळ परतीची फेरी!

१९९६ साली कंपनीनं संघ विकला. पंधरा कोटी डॉलरना. नाणी साठ कोटी. रांग साडेचौदा हजार किलोमीटर. आता पुणं नाही, मुंबईहून निघालेली रांग समुद्रावरून, युरोपावरून न्यूयॉर्कला पोचते, तिथून सेंट लुईस गाठते आणि तरी शिल्लक राहते.

आणि माणसं? २००७ साली कार्डिनल्सच्या घरच्या सामन्यांना ३५ लाख ५२ हजारांवर प्रेक्षक आले. पाच हजारांच्या लोकलमध्ये बसवा. ७१० लोकल! त्या एकामागे एक उभ्या करा, डब्याला डबा चिकटवून. सीएसएमटीवर शेवटचा डबा असेल तर पहिला चिंचवडच्या आसपास निघतो. सगळा बोरघाट माणसांनी गच्च! आणि सगळ्या मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या अव्वल संघांचे, २०२४चे प्रेक्षक ७ कोटी १३ लाख. तरी आपली मुंबई लोकल रोज पाऊण कोटी प्रवासी नेते, तिला हे काम साडेनऊ दिवसांचंच, हेही अभिमानानं नोंदवून ठेवू.

आजच्या ३० संघांपैकी चार त्या बियरवाल्या असोसिएशनमधून आलेले आहेत: कार्डिनल्स, सिनसिनाटी रेड्स, पिट्सबर्ग पायरेट्स आणि डॉजर्स. डॉजर्सनं डिसेंबर २०२३मध्ये शोहेई ओतानीशी दहा वर्षांचा करार केला, सत्तर कोटी डॉलरांचा. एका खेळाडूशी! नाणी २८० कोटी. आजचं नाणं ५.६७ ग्रॅमचं, तर वजन पंधरा हजार आठशे टन. चार हजार टनांच्या चार मालगाड्या, फक्त एका माणसाचा पगार! रांग ६७,९०० किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक अख्खा वेढा घालून दुसरा निम्म्याहून जास्त होतो.

आता शेवटची उडी. फोर्ब्स मासिकाच्या अंदाजानुसार कार्डिनल्सची किंमत आज अडीच अब्ज डॉलरांच्या आसपास आहे. डॉलर ८५ रुपयांनी धरला तर एकवीस हजार कोटी रुपयांच्या वर. नाणी एक हजार कोटी. वजन छप्पन्न हजार सातशे टन, चौदा मालगाड्या भरून वर नाणी शिल्लक. रांग दोन लाख बेचाळीस हजार किलोमीटर! मुंबई-पुणे १,२६३ वेळा. डेक्कन क्वीननं रोज एकच फेरी केली तर साडेतीन वर्षं थांबायलाच नको. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर, म्हणजे रांग चंद्राची साठ टक्क्यांहून जास्त वाट ओलांडून गेली. आणि मोजायला बसलात तर? सेकंदाला एक, रात्र नाही, दिवस नाही, जेवण नाही. ३१७ वर्षं लागतील. औरंगजेब गेला त्या १७०७ साली मोजायला बसलेला माणूस शिवशाहीची मराठेशाही झालेली, पानिपत झालेलं, इंग्रज आलेले आणि गेलेले न बघता मोजतच राहिला असता आणि २०२४ला कुठे उठला असता. १८९९ची बोली दीड दिवसात मोजून होत होती!

कुणी म्हणेल, महागाई धरा. धरू. तेव्हाच्या डॉलरला आजचे चाळीस द्या. ३३,००० चे झाले तेरा लाख वीस हजार. तरी आजची किंमत त्याच्या जवळपास एकोणीसशेपट.

ख्रिसशेठच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. शेवटी ते परत गुत्त्यातच दारू ओतत होते. १९०८ साली त्यांच्या मदतीसाठी एक सामना खेळवावा लागला. ५ जून १९१३ला ते गेले, यकृताच्या आजारानं. अंत्ययात्रेला कॉमिस्की आला होता, शेठचा जुना कर्णधार, जो तोवर शिकागोच्या व्हाइट सॉक्सचा मालक झालेला होता आणि नॅशनल लीगच्या तोडीची दुसरी लीग, अमेरिकन लीग, उभारणाऱ्यांतला एक गणला जात होता. मैदानाबाहेरचा पुतळा बेलफाउंटन दफनभूमीत शेठच्या थडग्यावर नेऊन बसवला. तो आजही तिथे आहे.

एवढी आकडेमोड झाल्यावर एकच आकडा उरतो, आणि तो शून्य आहे. बेसबॉलच्या कूपर्सटाउनमधल्या हॉल ऑफ फेममध्ये कॉमिस्कीला १९३९ साली जागा मिळाली. शिकागोचे मालक स्पाल्डिंग यांनाही त्याच वर्षी. बियर विकली म्हणून सिनसिनाटीला हाकलणारे लीगचे अध्यक्ष विल्यम हल्बर्ट १९९५ साली आत गेले. तिकीट निम्मं करून, रविवार उघडून, मजुराला बायकामुलांसह मैदानात बसवणारे ख्रिस फॉन डर आही अजून बाहेरच आहेत. दुकानदाराच्या भाषेत याला उधारी म्हणतात, आणि ती शंभर वर्षांहून जास्त थकली आहे.